सालोनिकाचे गुलाबी घर

ग्रीस देशाच्या उत्तर भागात, थर्माइक आखाताच्या काठी, थेसालोनिकी हे प्राचीन नगर वसले आहे. जुन्या मराठी पुस्तकांतून व वृत्तपत्रांतून ते सालोनिका ह्या नावाने येते. तुर्क त्याला सेलानिक म्हणत आले आणि आजही म्हणतात. समुद्राकडून चढ चढत वरच्या वस्तीकडे निघाले की संत पॉलचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावर, तुर्की वकिलातीच्या आवारात, गुलाबी रंगाचे एक तिमजली घर दिसते. वर कौलारू छप्पर, रस्त्याच्या बाजूस पुढे झुकलेले सज्जे, मागे लहानसे अंगण आणि अंगणात एक डाळिंबाचे झाड. आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क १८८१ साली ह्या घरात जन्मला, असे परंपरा सांगते. घर तुर्कांचे, भूमी ग्रीकांची आणि पाहुणे दोन्हीकडचे, अशी ह्या वास्तूची आजची स्थिती आहे.

एखाद्या थोर पुरुषाचे जन्मस्थान म्हणून जपलेली घरे जगात पुष्कळ आहेत. ह्या घराचे वेगळेपण असे, की ज्या राष्ट्राला ते पूज्य आहे त्या राष्ट्राच्या सीमेत ते नाही, आणि ज्या नगरात ते उभे आहे त्या नगराने त्या पुरुषाशी युद्ध केलेल्या राष्ट्रात आपले भवितव्य गुंफलेले आहे. ते एकदा मैत्रीची भेट म्हणून दिले गेले आणि एकदा द्वेषाचे निमित्त म्हणून वापरले गेले. गेल्या शतकात दक्षिण युरोप आणि पश्चिम आशिया ह्यांच्या सीमेवर माणसांचे काय झाले, हे ह्या एका घराच्या कहाणीवरून बरेचसे समजते.

घराची ठेवण

हे घर १८७० सालापूर्वी बांधले गेले. त्या वेळी सेलानिक हे ऑटोमन साम्राज्याच्या युरोपीय प्रांतांतील अग्रगण्य बंदर होते. १४३० साली सुलतान दुसरा मुराद ह्याने ते जिंकले, तेव्हापासून १९१२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे वर्षे, ते तुर्की अमलाखाली राहिले.

ऑटोमन काळातील मध्यमवर्गीय घराची सारी लक्षणे ह्या वास्तूत आढळतात. अशा घरांचा तळमजला सामान्यतः दगडी व जाड भिंतींचा असे. तेथे कोठार, मुदपाक व कामाच्या जागा असत. वरचे मजले लाकडी चौकटीचे आणि हलके. खोल्या मधल्या दालनाभोवती मांडलेल्या असत. ह्या दालनाला तुर्कीत सोफा म्हणतात, आणि आपण ज्या आसनाला सोफा म्हणतो तो शब्दही त्याच कुळातला. खोलीत खुर्च्या-मेजांची गर्दी नसे. भिंतीलगत बुटक्या बैठका, त्यांवर गाद्या व तक्के, जमिनीवर गालिचा, भिंतीत कपाटे. दिवसा बैठकीची असलेली तीच खोली रात्री अंथरुणे घातली की निजण्याची होई. हिवाळ्यात मध्यभागी तांब्या-पितळेची कोळशाची शेगडी येई. रस्त्यावर पुढे आलेल्या सज्ज्याच्या खिडकीतून घरातील स्त्रियांना स्वतः न दिसता बाहेरचे जग पाहता येई. वाड्याची माडी, ओसरी आणि पडदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही ठेवण फारशी परकी वाटणार नाही.

शब्दांचा शेजार तर त्याहून जवळचा आहे. दुकान, दप्तर, पडदा, संदूक, बगीचा, बाजार, हमाम हे शब्द किरकोळ उच्चारभेदाने तुर्कीतही आहेत, कारण फारसी व अरबी ह्या दोन मोठ्या प्रवाहांचे पाणी दोन्ही भाषांच्या शेतांत आलेले आहे. तोफ हा शब्द तर मूळ तुर्कीच मानला जातो. दख्खनच्या इतिहासात रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख. विजापूरच्या बुरुजावरील प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्या कारागिराचे नाव महंमद बिन हसन रूमी असे तिच्यावरच कोरलेले आहे. महाराष्ट्राच्या मातीशी रूमचा संबंध असा जुना आहे.

एक कारकुनी कुटुंब

अली रझा एफेंदी हे जकात खात्यातील सामान्य नोकर. झुबेदे हानिम ह्यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्यांनी हे घर भाड्याने घेतले. पुढे नोकरी सोडून त्यांनी लाकडाचा व्यापार केला. तो नीट चालला नाही. ह्या दांपत्याच्या सहा अपत्यांपैकी मुस्तफा आणि मकबुले ही दोनच मोठी झाली. त्या काळच्या घरांतून बालमृत्यू किती नित्याचा होता, हे ह्या एका आकड्यावरून कळते.

मुलाला शाळेत घालण्याची वेळ आली तेव्हा घरात मतभेद झाला. आई धर्मनिष्ठ, मुलाने परंपरेप्रमाणे मोहल्ल्यातील मक्तबात जावे, मिरवणुकीने व प्रार्थनेने त्याचा विद्यारंभ व्हावा, अशी तिची इच्छा. वडिलांचा कल शम्सी एफेंदी ह्यांनी काढलेल्या नव्या पद्धतीच्या शाळेकडे. शेवटी तोड निघाली. विद्यारंभ आईच्या मनाप्रमाणे झाला आणि थोड्याच दिवसांनी मुलाचे नाव वडिलांच्या पसंतीच्या शाळेत घातले गेले. ही हकीकत पुढे स्वतः अतातुर्क सांगत असत. साम्राज्याच्या अखेरच्या काळात प्रत्येक सुशिक्षित घरात चाललेला जुन्या-नव्याचा वाद त्या घरात असा घरगुती उपायाने मिटला. राष्ट्राच्या पातळीवर तो इतक्या सहज मिटणार नव्हता.

अली रझा एफेंदी मुलगा सातएक वर्षांचा असताना वारले. विधवा झुबेदे मुलांना घेऊन काही काळ गावाबाहेर भावाच्या शेतावर राहिली. पुढे मुस्तफाने सेलानिकच्या लष्करी शाळेत प्रवेश घेतला. तेथे गणिताच्या शिक्षकाने त्याला केमाल, म्हणजे परिपूर्ण, हे दुसरे नाव दिले. त्यानंतर मनास्तिर आणि इस्तंबूल येथील लष्करी शिक्षण, १९०५ साली कॅप्टनचा हुद्दा, काही काळ दमास्कस येथे नेमणूक, आणि १९०७ साली पुन्हा सेलानिक. त्याच्या जन्माची नेमकी तारीख कोठेही नोंदलेली नव्हती. पुढे त्याने १९ मे हा आपला जन्मदिवस मानला. १९१९ साली त्याच दिवशी तो काळ्या समुद्रावरील सामसुन बंदरात उतरला होता आणि तुर्कस्तानच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड लागले होते.

१९०८ ची तरुण तुर्कांची क्रांती ह्याच नगरात शिजली. १९०९ साली पदच्युत सुलतान दुसरा अब्दुल हमीद ह्याला इस्तंबूलहून आणून ठेवले तेही सेलानिकमध्येच, अलातिनी नावाच्या एका हवेलीत. भाड्याच्या घरात जन्मलेला एक तरुण अधिकारी आणि साम्राज्याचा पदभ्रष्ट स्वामी, दोघेही काही काळ एकाच नगराचे रहिवासी होते.

रिकामे झालेले नगर

ज्या सेलानिकमध्ये हे घर उभे होते, ते नगर आता नाही. इमारती आहेत, रस्ते आहेत, समुद्रकाठचा पांढरा बुरूज आहे. परंतु माणसे बदलली आहेत. ग्रीकांनी नगर घेतल्यानंतर १९१३ साली झालेल्या गणनेप्रमाणे येथे सुमारे ६१ हजार ज्यू, ४६ हजार मुसलमान आणि ४० हजार ग्रीक होते. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू सुलतानाच्या आश्रयाने येथे आले आणि चार शतके स्पॅनिशची एक जुनी बोली बोलत राहिले. बंदरातील हमाल, कोळी, कापडवाले, छापखानेवाले असे सर्व थरांत ते होते.

१९१२ च्या नोव्हेंबरात नगर ग्रीक सैन्याच्या हाती पडले तेव्हा केमाल उत्तर आफ्रिकेतील इटलीविरुद्धच्या युद्धावरून परतत होता. त्याची आई व बहीण निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर इस्तंबूलला गेली. तो पुन्हा कधीही आपल्या जन्मगावी आला नाही. १९१७ च्या ऑगस्टमध्ये लागलेल्या प्रचंड आगीत सुमारे साडेनऊ हजार इमारती जळाल्या आणि सत्तर हजारांहून अधिक लोक बेघर झाले. ह्या घरापासून फार दूर नसलेले संत दिमित्रियोसचे प्राचीन चर्चही त्या आगीत सापडले. वरची वस्ती वाचली आणि तिच्याबरोबर हे घरही.

आगीने जे केले नाही ते तहाने केले. १९१९ ते १९२२ पर्यंत चाललेल्या ग्रीक-तुर्की युद्धानंतर, ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. अनातोलियातील सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधील साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात, असा हा व्यवहार होता. ख्रिस्त्यांतील बहुतेक करारापूर्वीच पळून आले होते. कराराने त्यांचे परतणे बंद केले. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान एवढेच त्यातून वगळले गेले.

कोणाला ग्रीक म्हणावे आणि कोणाला तुर्क, ह्याची कसोटी भाषा नव्हे, धर्म ही ठरली. त्यामुळे घरात तुर्कीच बोलणारे, ग्रीक न जाणणारे अनातोलियातील ख्रिस्ती ग्रीसमध्ये ‘मायदेशी’ आले. आणि ग्रीकशिवाय दुसरी भाषा न येणारे क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात ‘मायदेशी’ गेले. दोघांनाही नव्या शेजाऱ्यांनी परकेच मानले. आपल्या बोलीमुळे मायदेशात परके ठरावे, ही वेदना त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांनी सोसली.

थेसालोनिकीत एक लाखाहून अधिक निर्वासित येऊन राहिले. मुसलमानांची घरे त्यांच्या वाट्याला आली. नगरातील मिनार बहुतेक सर्व पाडले गेले. रोटुंडा ह्या रोमन वास्तूजवळचा एक तेवढा राहिला. मुस्तफाचे जन्मघरही ग्रीक मालकाकडे गेले. त्यात कुटुंबे नांदली, चुली पेटल्या, मुले वाढली. कोणत्याही स्मारकाच्या इतिहासात असा एक काळ असतो, की जेव्हा ते केवळ घर असते. त्या काळाबद्दल स्मारके सहसा बोलत नाहीत.

नगरातील ज्यूंची कहाणी सर्वांत दारुण. १९४३ च्या मार्च ते ऑगस्ट ह्या महिन्यांत जर्मनांनी सेहेचाळीस हजारांच्या आसपास ज्यू आगगाडीच्या मालडब्यांत भरून मुख्यतः ऑशविट्झला पाठविले. त्यांतील फार थोडे परतले. त्यांच्या पुरातन दफनभूमीचा आदल्याच वर्षी विध्वंस झाला होता. आज त्या जागी विद्यापीठ उभे आहे. गुलाबी घरापासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

भेट आणि बॉम्ब

दोन शत्रुराष्ट्रांतील कटुता एवढ्यावर थांबली असती तर नवल नव्हते. परंतु पुढची दहा वर्षे वेगळी निघाली. १९१९ साली ग्रीक सैन्य स्मिर्ना बंदरात उतरविणारे पंतप्रधान वेनिझेलोस १९३० च्या ऑक्टोबरात अंकाऱ्याला गेले आणि दोन्ही देशांत मैत्रीचा तह झाला. १९३४ साली ह्याच वेनिझेलोसांनी नोबेल शांतता पारितोषिकासाठी केमालचे नाव सुचविले. ज्याने आपला पराभव केला त्याच्यासाठी पराभूताने केलेली ही शिफारस जगाच्या इतिहासात विरळा आहे.

ह्या वातावरणात घराची आठवण झाली. तुर्की प्रजासत्ताकाच्या दहाव्या वर्धापनदिनी, २९ ऑक्टोबर १९३३ रोजी, थेसालोनिकी नगरपालिकेने त्याच्या भिंतीवर एक फलक बसविला. तुर्की राष्ट्राचा थोर सुधारक आणि बाल्कन ऐक्याचा पाठीराखा येथे जन्मला, असा त्याचा आशय होता. पुढे नगरपालिकेने ते घर विकत घेतले, आणि १९३७ साली ते तुर्कस्तानच्या हवाली झाले. अतातुर्क ते पाहावयास आला नाही. दुसऱ्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, इस्तंबूलमध्ये त्याचे निधन झाले. १९५३ साली त्याच तिथीला त्याचे शव अंकाऱ्यातील भव्य समाधीत हलविण्यात आले आणि त्याच दिवशी हे घर संग्रहालय म्हणून खुले झाले.

दोन वर्षे झाली नाहीत तोच सायप्रसचा प्रश्न पेटला. ६ सप्टेंबर १९५५ च्या पहाटेपूर्वी वकिलातीच्या बागेत एक बॉम्ब फुटला. काचा फुटल्या, किरकोळ हानी झाली. घर मात्र जसेच्या तसे उभे राहिले. परंतु दुपारी इस्तंबूलमध्ये एका वृत्तपत्राचा खास अंक निघाला. ‘आमच्या पित्याच्या घराची बॉम्बने हानी झाली’ अशा अर्थाचा त्याचा मथळा होता, आणि नेहमीच्या खपाच्या कित्येक पटींनी तो छापला गेला. सायंकाळी जमाव रस्त्यावर उतरला. त्या रात्रीत व दुसऱ्या दिवसापर्यंत इस्तंबूलच्या ग्रीकांची घरे, दुकाने, चर्च, शाळा फोडण्यात आल्या. तुर्की न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांप्रमाणे ४,२१४ घरे, १,००४ दुकाने व कचेऱ्या आणि ७३ चर्च ह्यांची नासधूस झाली. आर्मेनियन आणि ज्यू ह्यांनाही त्याची झळ पोहोचली.

ग्रीक न्यायालयात खटला झाला तेव्हा वकिलातीतील एक नोकर आणि कायद्याचा एक तुर्की विद्यार्थी दोषी ठरविले गेले. म्हणजे बॉम्ब शत्रूने नव्हे, आपल्याच बाजूच्या माणसांनी ठेवविला होता. १९६० च्या लष्करी उठावानंतर यासीआदा बेटावर चाललेल्या खटल्यांत ह्या दंगलीचाही खटला होता, आणि पदच्युत पंतप्रधान मेंदेरेस ह्यांना त्यातही शिक्षा झाली. लोझान करारातून वगळले गेल्यामुळे जी ग्रीक वस्ती इस्तंबूलमध्ये राहिली होती, तिने १९५५ नंतर बाडबिस्तरा आवरण्यास सुरुवात केली. १९२० च्या दशकात लाखाच्या घरात असलेले हे लोक आज काही हजारांवर आले आहेत.

ज्या घराची एक भिंतही पडली नव्हती, त्याच्या नावाने चार हजारांवर घरे मोडली गेली. ह्या एका घटनेत वारशाच्या राजकारणाचे सारे भय सामावलेले आहे. वास्तूविषयीचा जिव्हाळा खरा असतो. म्हणूनच तिच्याविषयीची खोटी बातमी इतकी जळजळीत ठरते. त्या जमावातील बहुतेकांनी सेलानिकचे घर कधी पाहिले नव्हते. घर पाहिलेल्या माणसाला त्याची पडझड झाली की नाही हे विचारावेसे वाटते. न पाहिलेल्याला मथळा पुरतो.

संग्रहालयाच्या आत

आज घराच्या दाराशी पहारा असतो. आत आल्यावर अंगणातील डाळिंब प्रथम लक्ष वेधते. ते अली रझा एफेंदींनी लावले असे सांगतात. तुर्कस्तानातून बसगाड्या भरून येणारे प्रवासी त्याच्यापाशी थांबतात, पानांना हात लावतात, छायाचित्रे घेतात. अनेकांचे आजे-पणजे ह्याच प्रांतातून गेलेले असतात. नेत्याचे घर पाहता पाहता ते स्वतःचे न उरलेले घरही शोधत असतात. २०११ ते २०१९ पर्यंत नगराध्यक्ष असलेल्या यानिस बुतारिस ह्यांनी तुर्की व ज्यू प्रवाशांचे उघड स्वागत केले आणि नगराचा बहुधर्मी भूतकाळ बोलून दाखविला. त्याबद्दल त्यांना टीकाही ऐकावी लागली.

आतील मांडणी काळानुसार बदलत गेली. पूर्वी खोल्यांतून जुन्या पद्धतीच्या बैठका, शेगड्या, भांडीकुंडी असे संसाराचे चित्र उभे केलेले होते. ह्या वस्तूंतील फार थोड्या त्या कुटुंबाच्या असणे शक्य होते, कारण मधल्या काळात घराने अनेक संसार पाहिले होते. २०१३ साली दुरुस्तीनंतर घर पुन्हा उघडले तेव्हा फर्निचर कमी झाले, माहितीचे फलक वाढले आणि अतातुर्क व त्याची माता ह्यांचे हुबेहूब पुतळे आले. ऐकीव संसार मांडावा, की रिकामी खोली रिकामीच दाखवावी, हा प्रश्न प्रत्येक स्मारकगृहाला सोडवावा लागतो. पहिल्या रीतीत जिव्हाळा अधिक, दुसरीत प्रामाणिकपणा.

अंकाऱ्यात ह्याच घराची एक हुबेहूब प्रतिकृती आहे. जन्मशताब्दीनिमित्त १९८१ साली ती अतातुर्कच्या नावाच्या शेतमळ्यात उभारण्यात आली. तिथे पारपत्र लागत नाही, सीमा ओलांडावी लागत नाही, रंग आणि सज्जे तेच आहेत. तरीही लोक सेलानिकला येतातच. प्रतिकृतीत घराचे माप असते, गाव नसते. खिडकीतून दिसणारा समुद्राकडचा उतार, शेजारच्या चर्चची घंटा, ओळखीच्या नावाचा पण अनोळखी झालेला रस्ता, हे तेथे नेता येत नाही.

आत आणखी एक गोष्ट विचार करायला लावते. भिंतीवरील जुन्या काळची प्रमाणपत्रे व कागद अरबी लिपीत आहेत. १९२८ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानने ती लिपी सोडून रोमन वळणाची नवी वर्णमाला स्वीकारली. साक्षरता वाढली, छपाई सुकर झाली. पण ज्या पुरुषाने हा बदल घडविला त्याचेच शाळेतील कागद आजचा तुर्की प्रवासी वाचू शकत नाही. तो काचेसमोर उभा राहून शेजारच्या नव्या लिपीतील तर्जुम्यावर विसंबतो. मराठी माणसाला ह्यात नवल वाटू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी आपल्या व्यवहारातून गेली, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागदांपुढे आपणही तसेच परावलंबी होऊन उभे आहोत. फरक एवढाच की आपल्याकडे ती एका फटक्यात गेली नाही. जुन्या लिपीचे चार जाणकार तयार ठेवणे हे म्हणूनच ग्रंथालयांच्या कर्तव्यांपैकी एक ठरते.

हैदराबादपर्यंत पोहोचलेली सावली

सालोनिकाच्या ह्या पुत्राने केलेल्या एका निर्णयाची सावली आपल्या देशावरही पडली. १९१९ पासून भारतात खिलाफतीची चळवळ उभी राहिली. मुंबई हे तिचे मोठे केंद्र होते आणि भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही तिची साक्ष देते. भारतातून तुर्कस्तानकडे जो निधी गेला, त्यातील शिल्लक रकमेतून १९२४ साली तेथे इश बँक स्थापन झाली. परंतु ज्या खलिफापदासाठी हा पैसा जमला, ते पद त्याच वर्षी ३ मार्चला केमालच्या राष्ट्रसभेने रद्द केले आणि अखेरचा खलिफा दुसरा अब्दुल मजीद ह्याला कुटुंबासह देशाबाहेर काढले.

ह्या निर्वासित कुटुंबाला हैदराबादच्या निजामाने वर्षानुवर्षे वेतन दिले. १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे खलिफाची कन्या दुर्रुशेहवार हिचा निजामाच्या थोरल्या राजपुत्राशी आणि त्याच घराण्यातील निलोफर हिचा धाकट्याशी विवाह झाला. हैदराबादच्या निलोफर रुग्णालयात आज ज्या मराठी, तेलुगू, उर्दू भाषक माता जातात, त्यांना हे नाव बॉस्फरसच्या काठावरून आले हे बहुधा ठाऊक नसते. सेलानिकच्या भाड्याच्या घरात वाढलेल्या मुलाने ज्यांना घराबाहेर काढले, त्यांना दख्खनमध्ये घर मिळाले.

दोन्ही बाजूंना असे घर गमावलेले लोक आहेत. हेच ह्या वास्तूचे खरे महत्त्व. तिच्या भिंतींत एका विजेत्याचा जन्म जसा आहे, तशी तिला वारसा म्हणून मिळालेली निर्वासितांची रांगही आहे. अनातोलियातून आलेला ग्रीक आणि मॅसेडोनियातून गेलेला तुर्क ह्यांना एकमेकांची कुलपे परत करता आली नाहीत. परंतु एका नगरपालिकेने एक घर शेजाऱ्याला परत केले आणि अनेक कडवट दशकांतून ते सांभाळले गेले. १९५५ नंतरही ग्रीस देशाने ते बंद केले नाही. सायप्रसवर १९७४ साली दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले तेव्हाही ते उभेच राहिले.

आपल्या भाषेच्या मुख्य प्रदेशाबाहेर वसलेल्या समाजाला अशा घराचा अर्थ अधिक जवळून कळतो. भोवतालच्या बाजाराची भाषा दुसरी, कचेरीची लिपी दुसरी, आणि मध्ये एक इमारत अशी, की जिच्या दारातून आत गेल्यावर आपले शब्द आपली वाट पाहत असतात. ती इमारत टिकते ती केवळ आपल्या निष्ठेने नव्हे; शेजाऱ्यांनी तिला आपल्या गावाचा भाग मानले म्हणूनही टिकते. थेसालोनिकीच्या नगरपालिकेने १९३३ साली आपल्या शत्रूच्या नावाचा फलक आपल्या रस्त्यावर लावला, तेव्हा तिने गावाचा काही भाग दुसऱ्याला देऊन टाकला नाही. गावाचा गाळलेला एक भाग पुन्हा गावात घेतला. अंगणातील डाळिंबाला त्यानंतरही दरसाल फुले येत राहिली आहेत, आणि ती पाहावयास ग्रीकही येतात, तुर्कही येतात.